ॲडव्होकेट वीज यांचं पहिलं प्रकरण

९ जानेवारी, सकाळी, दुकान उघडण्यापूर्वी

ठरलं. कादंबरी लिहिणार. कोर्टातली थरारकथा. नायिका वकील.

गेल्या वर्षभरात असली पुस्तकं ढिगानं वाचली. सगळीकडे तेच. बाई हुशार, बाई एकटी, बाईला झोप नाही. शेवटून दुसऱ्या पानावर बाई भर कोर्टात बोट रोखते आणि खुनी ढसाढसा रडायला लागतो. दर वेळी पुस्तक मिटताना वाटलं, हे तर मीही लिहीन. किंबहुना जास्त चांगलं लिहीन. या लेखकांनी वकीलबाई लांबूनच पाहिलेली असते. माझ्या घरात एक आहे. लग्नाची आहे.

म्हणजे रिसर्च आपोआप झालेला आहे. फक्त लिहायचं बाकी.

गाद्यांच्या शोरूममध्ये आयुष्य काढणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय याची लोकांना कल्पना नसते. गिऱ्हाईक गादीवर आडवं होऊन विचारतं, ही मऊ की ती मऊ? त्याला काय माहीत, समोर हसत उभा असलेला माणूस मनातल्या मनात खून करतोय.

संकल्प: रोज पहाटे उठून लिहायचं. बायकोला एवढ्यात सांगायचं नाही. सरप्राइज.

११ जानेवारी

पहाटे उठलो नाही. पण पांघरुणात विचार चालू होता. तो लिखाणातच धरायला हवा.

नायिकेचं नाव पक्कं. वीज. ॲडव्होकेट वीज. आडनाव नाही. विजेला आडनाव लागत नाही.

१२ जानेवारी

कन्येला नाव सांगितलं. ती कॉलेजात आहे आणि तिला सगळं कळतं. म्हणाली, बाबा, दाराशी बिल घेऊन आल्यासारखी वाटते. या पिढीला थरार कळत नाही.

संध्याकाळी बायकोलाही सांगून टाकलं. सरप्राइज पोटात राहीना. ती कोर्टातून येऊन दारात बूट काढत होती. म्हणाली, छान. मग म्हणाली, वकिलावरच लिहिताय तर एकदा कोर्टात येऊन बसा, बघा काय असतं ते. मग तिची नवी केस सांगायला लागली. कुठल्याशा बसची होती. मी मान डोलावत होतो, पण तेवढ्यात पहिलं वाक्य सुचलं, त्यामुळे पुढचं ऐकायचं राहिलं.

पहिलं वाक्य: 'वीज कडाडली.'

दुहेरी अर्थ आहे.

१९ जानेवारी

दुसरं वाक्य येत नाही. दोष टेबलाचा आहे. खिडकीकडे तोंड केलं की रस्ता दिसतो. भिंतीकडे केलं की भिंत दिसते. हॉलमध्ये नेलं तर कन्या म्हणाली, आता टीव्ही कुठून बघायचा? उचलून पुन्हा आत आणलं. पाठीत उसण.

शेवटी बायकोच्या टेबलावर बसून पाहिलं. तिथे तिच्या फायली. त्या काढून खाली जमिनीवर ठेवल्या. तिनं आल्यावर त्या उचलून टेबलावर ठेवल्या. आता मी जमिनीवर.

२४ जानेवारी

कोर्टात जाऊन आलो. मालकांना सांगितलं, दाढ काढायची आहे.

निराशा. निव्वळ निराशा. बाकं, पंखा, फायलींना बांधलेल्या दोऱ्या. न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघतात आणि स्वतःच लिहून घेतात. बायकोची केस पुकारली तेव्हा मी पुढे सरकून बसलो. ती उठली, हळू आवाजात काहीतरी बोलली. सरकारी वकील उठले, त्यांनीही हळू आवाजातच उत्तर दिलं. पुढची तारीख पडली. झालं. कोणी बोट रोखलं नाही. कोणी रडलं नाही. दाराशी एक पोलीस जांभई देत होता, ती मला लागली, माझ्याकडून मागच्या बाकावर गेली आणि तिथून सबंध खोलीभर झाली.

आरोपी म्हणजे एक बाई. बस चालवायची. रुंद मनगटं, निळा स्वेटर, हातातल्या रुमालाची सारखी घडी घालते आणि मोडते. बायकोनं ओळख करून दिली. तिनं मला विचारलं, साहेब, तुम्ही पण वकील का? मी म्हटलं, नाही हो, त्याच्या एक पाऊल पुढे. लेखक. ती म्हणाली, बरं.

बाहेर चालता चालता बायकोनं मला केस सांगितली. खासगी कंपनीची बस, उतारावरून सुटली, दुकानात घुसली, एका प्रवाशाचा पाय गेला. कंपनी म्हणते, बाई बेफिकीर. बाई म्हणते, ब्रेक लागलाच नाही. मग कुठे, कधी, कोण कोणाला काय म्हणालं, असला तपशील सुरू झाला. तपशिलानं थरार मरतो. मी विचारलं, खून नाही? ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, निदान खुनाचा संशय? ती रस्त्यातच थांबली. म्हणाली, शिक्षा झाली तर ती तुरुंगात जाईल, पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावता येणार नाही, घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे. एवढं पुरत नाही का?

मी म्हटलं, घरापुरतं पुरेल गं, कादंबरीला नाही पुरणार.

ती भराभर पुढे निघून गेली. चाल झकास आहे. वीजला हीच चाल देणार.

३१ जानेवारी

झालं! प्रकरण पहिलं पूर्ण. वीज काळा कोट घालून पाण्याच्या पाइपवरून सहाव्या मजल्यावर चढते. दातांत पिस्तूल. वर खिडकीत आरोपी रडत बसलेला. ती त्याच्या डोळ्यांत बघते आणि त्याला म्हणते, तू निर्दोष आहेस. मग पुन्हा पाइपवरून उतरते.

बायकोला वाचायला दिलं. तिनं पेन्सिल घेतली. पेन्सिल घेतली तिथेच माझा रस गेला. म्हणाली, कोटात हात वर होत नाहीत, खांद्यापाशी अडकतात. म्हणाली, वकील असं कोणाच्या खिडकीत शिरली तर तिची सनद जाईल. आणि म्हणाली, ही अशिलाशी बोलते कधी? मी समजावलं की वीजला बोलावं लागत नाही, ती डोळ्यांत बघते. बायको म्हणाली, मी त्या ड्रायव्हरबाईबरोबर सबंध दुपार बसले, तेव्हा कुठे तिनं शेवटी मान वर केली.

असेल. प्रत्येकाची काम करायची पद्धत वेगळी.

मग पुन्हा बस सुरू झाली. मी पिस्तूल दातांत की कमरेला या विचारात होतो. पण एकदम एक वाक्य कानावर पडलं. कंपनीच्या गॅरेजमधला मिस्त्री साक्ष द्यायला तयार होतोय, पण भेदरलाय, नोकरी जाईल म्हणून.

भेदरलेला साक्षीदार! इतके दिवस ही बाई ही गोष्ट पोटात ठेवून होती!

७ फेब्रुवारी

दुसरं प्रकरण लिहायचं म्हणून दुकानात दुपारी कोपऱ्यातल्या डबल बेडवर जरा टेकलो. विचार करायला. डोळे मिटून विचार चांगला होतो. जागा झालो तेव्हा एक कुटुंब भोवती उभं होतं. आजोबा म्हणत होते, हीच द्या, हा माणूस बघा कसा मेल्यासारखा झोपलाय.

गादी खपली. मालक म्हणाले, रोज झोपत जा.

साहित्य कधी वाया जात नाही.

१६ फेब्रुवारी

प्रकाशकांकडे पहिलं प्रकरण पाठवलं होतं. आज स्वतः फोन केला. मीच. ते म्हणाले, वाचलं. म्हणाले, अशा बऱ्याच येतात हल्ली. म्हणाले, तुमची वकीलबाई खोटी वाटते, प्रत्यक्ष काही पाहिलंत, अनुभवलंत तर बघा. मग त्यांना दुसरा फोन आला.

थोडक्यात, मासा गळाला लागला. 'बघा' म्हणाले म्हणजे बघणारच आहेत. फक्त अनुभव घालायचा आहे.

संकल्प: अनुभव घेणे. ताबडतोब.

१७ फेब्रुवारी

अनुभव कुठे घ्यावा ते कळत नाही. घरात फेऱ्या मारल्या. कन्या म्हणाली, बाबा, बसा, मला चक्कर येते. बसलो. पाय हलत राहिला. टेबल हललं, बायकोचा चहा तिच्या फायलीवर. ती फडकं आणून पुसत बसली. पुसता पुसता बसबद्दल काहीतरी सांगत होती. मी वीजच्या मोटरसायकलचा रंग ठरवत होतो.

२ मार्च

दार लावून लिहितो आहे. आज अनुभव घेतला.

मालकांना दुसरी दाढ सांगितली. काळा गॉगल, कन्येची गोल टोपी, कॉलर वर. बस कंपनीच्या गॅरेजात सरळ आत शिरलो. कोणी अडवलं नाही. मी अशा वेळी फार सहज वागतो.

मिस्त्री एका बसखाली उताणा पडला होता. फक्त पाय दिसत होते. मी पायांशी बोलायला सुरुवात केली. म्हटलं, मला सगळं माहीत आहे. पाय थांबले. म्हटलं, तुझ्यावर कोणाची तरी नजर आहे. तो सरपटत बाहेर आला. हडकुळा माणूस, कपाळावर काळं तेल, हातात मळकं फडकं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. गॉगलमुळे त्याला ते कळलं नसावं. म्हटलं, घाबरू नकोस. कोर्टात उभा राहशील तेव्हा मी तिथे असेन. आणि नीट बोललास तर तुला मोठा करून सोडीन. (पुस्तकात. हे शेवटी सांगणार होतो.)

तो काहीतरी सांगायला तोंड उघडत होता, पण मी भरात होतो. मग त्यानं विचारलं, साहेब, तुम्ही कंपनीचे का?

मी फक्त गूढ हसलो.

वर ऑफिसच्या काचेतून मॅनेजरसारखा कोणीतरी बघत होता. मी त्याच्याकडे बघूनही हसलो आणि निघालो. बाहेर येताना टोपी एका आरशाला अडकून पडली, ती उचलली. बाकी सगळं मनासारखं.

३ मार्च, सकाळ

बायको बेचैन. मिस्त्री फोन उचलत नाही. शेवटी त्याच्या बायकोनं उचलला आणि म्हणाली, आम्हाला नको ती साक्ष, काल कंपनीनं गॅरेजात गुंड पाठवला होता.

गुंड! शेवटी या खटल्यात जीव आला. मी वर्णन विचारलं. बायको म्हणाली, मध्यम उंची, पोट सुटलेलं, काळा गॉगल, कॉलर वर, वेड्यासारखा हसत होता म्हणे.

हा माणूस तिसऱ्या प्रकरणात घ्यायलाच हवा.

३ मार्च, दुपार, दुकानात

तो मी.

४ मार्च

बायकोला सांगायला हवं. पण योग्य वेळी. सकाळी ती घाईत होती. दुपारी मी दुकानात. संध्याकाळी ती दमलेली. दमलेल्या माणसाला काही सांगू नये.

शिवाय, खरोखरच एखादा गुंडही येऊन गेला असेल. त्याच दिवशी. तसाच दिसणारा. अशक्य नाही.

रात्री जेवताना कन्येनं विचारलं, माझ्या टोपीला ग्रीस कसलं? मी म्हटलं, ग्रीस नाही, लोणी असेल. तिनं वास घेतला. आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं. त्यांना एकमेकींशी बोलावंही लागलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी नुसती टोपी दाखवली होती.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, त्या माणसाला बोलतं करायला मला दोन महिने लागले. मग उठून ताट धुतलं. माझंही धुतलं. मी अजून जेवत होतो.

५ मार्च

बायको आणि कन्या मिस्त्रीच्या घरी जाऊन आल्या. मला बरोबर येऊ का विचारायचं होतं. विचारलं नाही.

कन्येनं येऊन सांगितलं. आईनं तिथे बसल्या बसल्या स्वच्छ सांगून टाकलं, तो गुंड नव्हता, माझा नवरा होता. मिस्त्रीच्या बायकोला आधी पटेना. मग आईनं फोनमधला माझा फोटो दाखवला. मग ती बाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तिला बघून मिस्त्रीही हसला. निघताना म्हणाला, येतो मी साक्षीला, ज्याला आपण भ्यालो तो हा असेल तर आता कोणाला भ्यायचं?

म्हणजे हिशेब केला तर त्याची भीती कोणामुळे गेली?

बायकोला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, या केसच्या वाऱ्याला उभं राहू नका.

२१ मार्च

वाऱ्याला उभा राहिलो नाही. दुकानात होतो. कन्या कोर्टात गेली होती, ती धापा टाकत दुकानातच आली.

मिस्त्री उभा राहिला. बोलला. घाबरला नाही. अपघाताआधीच त्यानं मॅनेजरला काहीतरी सांगितलं होतं म्हणे. मग सरकारी वकिलांनी विचारलं, साक्षीपूर्वी तुम्हाला कोणी भेटलं होतं का? सरळ माणूस. म्हणाला, हो, वकीलबाईंचे मिस्टर गॅरेजात आले होते. मोठा करीन म्हणाले.

सरकारी वकील म्हणे जागेवर ताठ झाले. साक्षीदाराला पढवलंय, आमिष दाखवलंय, ही साक्ष धरू नये. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, त्या गृहस्थांना पुढच्या तारखेला बोलवा.

त्या गृहस्थांना! मला! कोर्टात! साक्षीदाराच्या पिंजऱ्यात!

कन्या पुढे मिस्त्रीनं नेमकं काय सांगितलं ते सांगत होती. ब्रेकचं काहीतरी. मी तोवर लग्नातला कोट होतो का याचा विचार करायला लागलो होतो. ती मध्येच थांबली. म्हणाली, बाबा, आईचा चेहरा पांढरा पडला होता. त्या ड्रायव्हरबाईनं काय झालं विचारलं तेव्हा आईला उत्तर देता आलं नाही.

मी म्हटलं, आईला सांग, काळजी करू नकोस, मी आहे.

कन्या म्हणाली, तेच तर.

२७ मार्च

कोट होतो. श्वास सोडला नाही तर.

आरशासमोर सराव केला. तीन प्रकारे. करारी, शांत, आणि किंचित दुःखी. किंचित दुःखी सगळ्यात शोभतो.

बायको टेबलाशी बसून होती. समोर कागद होता पण ती काही लिहीत नव्हती. मी जवळ गेलो. म्हणाली, अहो, उद्या खरं तेवढं सांगा. विचारतील तेवढंच सांगा. मी म्हटलं, आपल्या साक्षीदारावर विश्वास ठेव. ती म्हणाली, तुम्ही आमचे साक्षीदार नाही, त्यांनी बोलावलंय तुम्हाला.

हा बारकावा माझ्या लक्षात आला नव्हता.

मग तिनं वर बघून विचारलं, मिस्त्री काय म्हणाला ते कन्येनं सांगितलं ना तुम्हाला? मी म्हटलं, सगळं. ती म्हणाली, मग सांगा बरं, काय म्हणाला? मी म्हटलं, ऐनवेळी सांगेन, आत्ता त्यातली जान जाईल.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग काहीतरी सुचल्यासारखी उठली आणि म्हणाली, नकाच सांगू तुम्ही. आता मीही काही सांगत नाही. झोपा.

मी कोट खुर्चीला अडकवून झोपलो.

२८ मार्च, संध्याकाळ

क्रमानं लिहितो.

सरकारी वकील उंच, मऊ आवाजाचे, अत्तर लावणारे. त्यांनी विचारलं, गॅरेजात गेला होतात? हो. वेश बदलून? म्हटलं, वेश नाही, गॉगल. मिस्त्रीला मोठा करीन म्हणालात? म्हणालो. पैशानं? छे, साहित्यातून. घरी तुमच्या पत्नी या खटल्याबद्दल बोलतात? हो. कितीदा? म्हटलं, रोज. आल्या आल्या. (किंचित दुःखी चेहरा ठेवून.)

ते न्यायाधीशबाईंकडे वळले आणि हात पसरून म्हणाले, रोज घरी खटला ऐकणारा माणूस साक्षीदाराला जाऊन भेटतो, याहून जास्त काय सांगायचं?

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आरोपीच्या बाकाकडे बघितलं. ड्रायव्हरबाईच्या हातात रुमाल होता, पण ती आज घडी घालत नव्हती. नुसता धरून होती.

मग बायको उठली.

मी तिच्याकडे बघून धीराचं हसलो. ती हसली नाही. मला म्हणाली, साक्षीदार, हा अपघात कोणत्या महिन्यात झाला? मी म्हटलं, थंडी असावी. स्वेटर होता. खोलीत कोणीतरी खोकलं. तिनं सांगितलं, गेल्या एप्रिलमध्ये, भर उन्हाळ्यात. बस कुठून कुठे चालली होती? म्हटलं, इकडून तिकडे. ब्रेकमध्ये काय बिघाड होता? हे मला पक्कं माहीत होतं. म्हटलं, शत्रूनं तार कापली होती. तिनं विचारलं, हे तुम्हाला मिस्त्रीनं सांगितलं? म्हटलं, नाही, हे माझ्या दुसऱ्या प्रकरणात आहे.

मागच्या बाकावर हशा. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून बघितलं, थांबला.

मिस्त्री तुम्हाला गॅरेजात काय म्हणाला? म्हटलं, त्याला बोलायची संधीच मिळाली नाही, मीच बोलत होतो. त्यानं अपघाताआधी मॅनेजरला काय सांगितलं होतं? म्हटलं, काहीतरी. माझ्या अशिलाचं नाव काय? मी ड्रायव्हरबाईकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. म्हटलं, ड्रायव्हरबाई.

बायकोनं हातातला कागद उलटला. मला पिंजऱ्यातून दिसत होतं, दोन्ही बाजूंनी कोरा होता. मग हळू आवाजात, तिच्या त्या कोर्टातल्या आवाजात म्हणाली, हे सगळं मी तुम्हाला घरी सांगितलं होतं ना? म्हटलं, हो. रोज? रोज. मग त्यातलं काही एक आठवतं का? काहीही.

मी आठवायला लागलो. खरंच लागलो. पंखा फिरत होता, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला अगदी मनापासून काहीतरी आठवायला हवं होतं. शेवटी म्हटलं, तुम्ही दारात बूट काढता काढता बोलत होतात. उजवा आधी.

पूर्ण कोर्ट हसलं. जांभईवाला पोलीस हसला. सरकारी वकीलसुद्धा हसले, मग त्यांच्या लक्षात आलं आणि थांबले. बायको तेवढी हसली नाही. म्हणाली, मला आणखी काही विचारायचं नाही. आणि खाली बसली.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, या गृहस्थांनी कोणाला काही पढवलं असेल, असं मानणं या कोर्टाला अवघड आहे. मिस्त्रीची साक्ष राहील.

खाली उतरताना कठडा धरावा लागला. कोटामुळे.

२८ मार्च, जेवणानंतर

एकंदरीत माझी साक्ष निर्णायक ठरली.

कन्येला तसं म्हटलं. ती म्हणाली, बाबा, आज आईनं केलं ते तुमच्या विजेला दहा पाइप चढूनही जमलं नसतं. मी म्हटलं, मान्य, पण मी साथ दिली. ती म्हणाली, आई घरी येताना रिक्षात एक अक्षर बोलली नाही.

बायको आत पडून होती. भिंतीकडे तोंड करून. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाली, बरं आहे, केस वाचली. मग म्हणाली, मला वाटलं होतं, एखादं तरी उत्तर बरोबर येईल आणि माझी पंचाईत होईल.

जरा वेळ दारात उभा राहिलो.

१७ एप्रिल

ड्रायव्हरबाई सुटली. निर्दोष.

निकालाला मीही मागच्या बाकावर होतो. यावेळी ऐकलं. मिस्त्रीनं आदल्या दिवशी मॅनेजरला सांगितलं होतं, ब्रेकची हवा गळतेय, बस बाहेर काढू नका. मॅनेजर म्हणाला होता, एक फेरी होऊ दे, मग बघू. ती एक फेरी या बाईच्या वाट्याला आली. उतारावर पाय दाबत राहिली, बस थांबेना, तेव्हा तिनं शाळेच्या दारातली गर्दी टाळून बस मुद्दाम बंद दुकानाच्या शटरवर घातली. आता कंपनीची चौकशी होणार.

हे सगळं इतके महिने माझ्या घरात सांगितलं जात होतं. पालथ्या घड्यावर.

संध्याकाळी ड्रायव्हरबाई घरी आली. बायकोचे दोन्ही हात धरून उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, साहेब, तुम्हाला काही म्हणता काही माहीत नव्हतं, म्हणून वाचले मी. देव तुमचं भलं करो.

कुचेष्टा नव्हती. अगदी मनापासून म्हणाली. चहा करायला आत गेलो.

यावेळी मी तिचं नाव विचारून घेतलं.

२० एप्रिल

प्रकाशकांचा फोन! त्यांनी स्वतः केला! गावभर या खटल्याची चर्चा आहे म्हणाले. यावर पुस्तक व्हायलाच हवं म्हणाले. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. ते म्हणाले, तुमच्या मिसेस लिहितील का?

निरोप दिला. बायको म्हणाली, वेळ नाही, तीन नव्या केसेस आल्यात. मी म्हटलं, तू सांग, मी लिहितो. ती म्हणाली, सांगतच तर होते.

ॲडव्होकेट वीजचे कागद सकाळी माळ्यावर टाकले. वर चढायला स्टूल लागलं. पाइप असता तर चढता आलं नसतं, हे एकदाचं मान्य.

संकल्प (हा शेवटचा, आणि हा मोडणार नाही): यापुढे बायको बोलेल ते ऐकायचं. तिनं सुरू करायची वाट न बघता आपण होऊन विचारायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तपशिलासकट.

२३ एप्रिल, संध्याकाळ

मालकांना यावेळी खरं कारण सांगितलं. बायकोचं ऐकायचं आहे. म्हणाले, दाढच सांगितली असती तरी चाललं असतं. लवकर सोडलं.

घरी येऊन टीव्ही बंद केला. फोन बंद केला. चहा करून झाकून ठेवला. दारासमोर खुर्ची ओढली आणि पाय न हलवता बसलो. बायको आली. खांद्याला जड पिशवी, दमलेली. तिनं बूट काढायला सुरुवात केली, पण मी बुटांकडे बघितलं नाही. तिच्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, बस, चहा घे, आणि आज कोर्टात काय काय झालं ते मला अगदी पहिल्यापासून सांग, मी सगळं ऐकणार आहे.

तिनं पिशवी खाली ठेवली. त्यातून एक बटाटा बाहेर आला आणि घरंगळत माझ्या खुर्चीखाली गेला.

म्हणाली, अहो, आज रविवार आहे.